क्रीडालेखकाची भाकरी

वर्षाच्या अखेरीस वरच्या वर्गांतील मुलांस "पुढें काय करणार?" असें विचारण्याचा आमचा जुना प्रघात आहे. उत्तरें बहुधा ठराविक येतात. कोणी डॉक्टर व्हावयाचें म्हणतो, कोणी इंजिनियर, कोणी सरकारी अधिकारी. एखादा प्रामाणिकपणें "अजून ठरलें नाहीं" असें सांगून मोकळा होतो. यंदा मात्र मागच्या बांकावरून एक अनपेक्षित उत्तर आलें. "मी खेळावर लिहीन आणि त्यावरच पोट भरीन," असें एक मुलगा उभा राहून म्हणाला. वर्गांत हंशा पिकला. मुलाचे कान लाल झाले, परंतु तो खालीं बसला नाहीं. त्याच आठवड्यांत त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते म्हणाले, "सर, त्याला तुम्हीच दोन शब्द सांगा. सामने पाहणें हा काय धंदा झाला? आणि इंटरनेटवर फुकट लिहिणारे इतके लोक असतां ह्यालाच कोण पैसे देणार?"

त्या दिवशीं आम्हीं त्यांस नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. तें उत्तर शोधतांना जें आढळलें आणि जें मनाशीं पटलें, तें येथें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एका घरापुरता उरलेला नाहीं. हें काम आज पुष्कळ मुलांस खुणावतें आणि पुष्कळ पालकांस त्याची धास्ती वाटते. मुलास वाटतें, सामने फुकट पाहावयास मिळतील आणि वर पगारही मिळेल. वडिलांस वाटतें, हें कामच नव्हे. आमच्या मतें दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. खेळावर लिहिणें म्हणजे खेळ पाहणें, असें दोघांनींही धरून ठेवलें आहे.

हा व्यवसाय नवा नाहीं. त्याचें साधन तेवढें नवें आहे. इंग्लंडांतील मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रांत नेव्हिल कार्डस नांवाचा एक तरुण नोकरीस होता. १९१९ सालीं तो दुखण्यांतून उठत असतांना, मोकळ्या हवेंत प्रकृति सुधारेल या हेतूनें वृत्तसंपादकानें त्यास ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर क्रिकेटचें वर्णन लिहिण्यास धाडलें. हा गृहस्थ गरिबींत वाढलेला, शाळेंत फारसा न शिकलेला, आणि त्यापूर्वीं श्रूजबरी येथील शाळेंत क्रिकेटशिक्षकाचा मदतनीस म्हणून राबलेला. त्यानें पुढें क्रिकेटच्या वर्णनास साहित्याच्या पंक्तींत बसविलें आणि १९६७ सालीं त्यास 'सर' ही पदवी मिळाली. आमच्या मराठींत वि. वि. करमरकर यांनीं महाराष्ट्र टाइम्समध्यें क्रीडापृष्ठास मानाचें स्थान मिळवून दिलें आणि क्रिकेटच्या जोडीला कबड्डी व खो-खो या आपल्या मातींतील खेळांसही तेथें बसावयास जागा केली. २०२३ सालीं ते निवर्तले. द्वारकानाथ संझगिरी हे मुंबई महानगरपालिकेंत अभियंता होते. दिवसा शहराचें काम पाहून त्यांनीं क्रिकेटवर इतकें आणि इतक्या गोडीनें लिहिलें कीं, २०२५ सालीं ते गेले तेव्हां वाचकांस घरचा कथेकरी गेल्यासारखें वाटलें.

छापखान्यावांचून हें काम होऊं लागलें त्याचा प्रारंभही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत सायमन किंग या संशोधकानें क्रिकइन्फो सुरू केलें. परदेशीं शिकावयास गेलेलीं आपल्याकडील मुलें घरच्या सामन्यांचे धांवफलक मिळेनात म्हणून तळमळत असत. त्यांच्यासारख्यांनीं रात्री जागून, धांवा टंकून, एकमेकांस कळवून तें वाढविलें. त्याबद्दल त्यांस वेतन मिळत नसे. पुढें २००३ मध्यें तें विस्डेनकडे आणि २००७ मध्यें ईएसपीएनकडे गेलें. हौसेनें चाललेल्या कामाची अशी पेढी झाली आणि त्या पेढीवर पगारी माणसें आलीं. आज जगभर इंटरनेटवर खेळाविषयीं नित्य लिहून चरितार्थ चालविणारा जो वर्ग आहे, त्याचा उगम अशा हौशी मंडळींत आहे. ही गोष्ट पुढें कामास येईल.

परंतु इतिहासानें पालकांची शंका फिटत नाहीं. या कामाचा एक दिवस कसा जातो तें पाहावें लागतें, आणि तो पाहण्याचा योग आम्हांस आला होता. आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईच्या उपनगरांत एका खोलींत राहून हेंच काम करतो. २९ जून २०२४ रोजीं आम्ही त्याच्याकडे मुक्कामास होतों. त्या दिवशीं वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन येथें भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यांत होता. आपल्याकडे तो रात्री आठ वाजतां सुरू व्हावयाचा होता. आमची समजूत अशी कीं, याचें काम आठ वाजतां सुरू होईल.

तो सकाळीं नऊ वाजतांच बसला होता. प्रथम त्यानें आदल्या दिवशींच्या लेखावर आलेलीं पत्रें वाचलीं. त्यांत दोघांनीं शिव्या दिल्या होत्या व एकानें एक चूक दाखविली होती. शिव्या त्यानें सोडून दिल्या आणि चूक पडताळून दुरुस्त केली. मग त्या मैदानावरील मागचे सामने, दोन्ही संघांच्या गोलंदाजांची कामगिरी, आधींच्या लढती यांचीं टिपणें काढलीं. दुपारपर्यंत सामन्यापूर्वींचा एक लेख गेला. चार वाजतां अर्धा तास डोळा लावला. सहा वाजतां त्यानें दोन कोऱ्या पानांवर दोन मथळे लिहिले. एक भारत जिंकल्याचा आणि दुसरा हरल्याचा. आम्हीं विचारलें, "हें काय रे?" तो म्हणाला, "सर, शेवटचा चेंडू पडल्यावर मला सात मिनिटें मिळतात. तेवढ्यांत पुरता लेख होत नाहीं. म्हणून दोन्ही निकालांचे लेख बरोबर वाढवीत न्यावे लागतात."

सामना सुरू झाला. विराट कोहलीनें ७६ धांवा केल्या, भारताच्या १७६ झाल्या. आम्ही टाळ्या वाजवीत होतों. हा टंकीत होता. दक्षिण आफ्रिकेच्या डावांत हाइनरिख क्लासेननें असा हात चालविला कीं, पंधरा षटकें संपलीं तेव्हां त्यांस ३० चेंडूंत ३० धांवा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. आम्हीं मनांत सामना सोडून दिला. शेजारच्या घरांतील दूरदर्शन संचही बंद झाल्याचें ऐकूं आलें. त्याचा पराभवाचा लेख त्या वेळीं जवळजवळ पुरा झाला होता आणि आम्हीं तो वाचला. तो उत्तम उतरला होता. नंतर क्लासेन बाद झाला, बुमराहनें धांवा आटविल्या, आणि शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवनें सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला. भारत ७ धांवांनीं जिंकला. रस्त्यावर फटाके उडूं लागले, आम्ही शेजाऱ्यांस मिठ्या मारीत सुटलों. परत येऊन पाहतों तों यानें खिडकी लावून घेतली होती आणि तो खालीं मान घालून लिहीत होता. तो उत्तम उतरलेला लेख त्यानें एका बोटानें पुसून टाकला होता. त्यांतच कोहलीनें या प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्ति जाहीर केली आणि मथळा पुन्हां बदलावा लागला.

रात्री दोन वाजतां त्यानें थंड झालेला आमटीभात खाल्ला. हात धुवून तो पुन्हां बसला, कारण एका गोलंदाजाचा आंकडा आपण चुकीचा लिहिला असें त्याच्या ध्यानांत आलें होतें. त्यानें तो सुधारला आणि लेखाखालीं "येथें प्रथम चुकीचा आंकडा दिला होता" अशी ओळ घातली. आम्हीं म्हटलें, "अरे, कोणाच्या लक्षांतही आलें नव्हतें." तो म्हणाला, "सर, उद्यां दुसरा कोणी हाच आंकडा उचलील." आम्हीं विचारलें, "मग तूं सामना पाहिलास केव्हां?" तो हंसून म्हणाला, "उद्यां दुपारीं पाहीन."

हा झाला मोठा दिवस. किरकोळ दिवस याहून कठीण असतात. न्यूझीलंडांतील सामना आपल्या पहाटेच्या आधीं सुरू होतो आणि वेस्ट इंडीजमधील सामना रात्र खातो. चेंडूगणिक वर्णन लिहिण्याची पाळी असेल तर कसोटीच्या एका दिवसांत ९० षटकें, म्हणजे ५४० चेंडू होतात, आणि प्रत्येकाविषयीं कांहीं तरी खरें लिहावयाचें असतें. जेथें कांहींच घडत नाहीं अशा चेंडूविषयीं खरें व वाचनीय लिहिणें हीच या विद्येची परीक्षा आहे. दिवाळी असो, बहिणीचें लग्न असो, सामन्यांचें वेळापत्रक कोणासाठीं थांबत नाहीं. सामने पाहणें हा काय धंदा, असें विचारणाऱ्या पालकांस आमचें उत्तर हें कीं, सामना पाहण्याचें सुख याच मनुष्याच्या वाट्यास सर्वांत कमी येतें.

आतां वेतनाविषयीं. येथें मात्र त्या वडिलांची शंका साधार आहे हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यास तेव्हां मासिक पगार नव्हता. लेखागणिक मोबदला मिळे. एका संस्थेकडून मार्चचे पैसे जुलैंत आले. दुसऱ्या एकीनें ते दिलेच नाहींत, आणि करार लेखी नसल्यामुळें त्यास कांहीं करतां आलें नाहीं. संगणक त्याचा, वीज त्याची, इंटरनेटचा खर्च त्याचा, आणि आजारी पडला तर तो दिवसही त्याचाच. त्याच्या पहिल्या वर्षाची मिळकत त्यानें आम्हांस सांगितली. ती येथें छापून त्यास संकोचांत टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, पहिल्या वर्षीं घरून पैसे मागवावे लागले.

हें केवळ आपल्याकडेच घडतें असें नव्हे. अमेरिकेंत २००३ सालीं ओकलंडच्या बेसबॉल संघाच्या एका चाहत्यानें ॲथलेटिक्स नेशन नांवाचें संकेतस्थळ काढलें. त्याच धर्तीवर एकेका संघाचीं शेंकडों संकेतस्थळें निघून त्यांचा एसबी नेशन हा मोठा समूह झाला. तीं चालविणारे बहुतेक लोक त्या त्या संघाचे भक्त होते. त्यांस महिन्याकांठीं ठराविक अल्प रक्कम मिळे. २०१७ सालीं त्यांपैकीं कांहीं जणांनीं न्यायालयांत धांव घेतली कीं, आम्ही काम नोकराचें करतों आणि आम्हांस वागविलें मात्र हौशी माणसाप्रमाणें जातें. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें कायदा केला. १ जानेवारी २०२० पासून एका संस्थेसाठीं वर्षांत ३५ हून अधिक लेख देणारा लेखक त्या संस्थेचा नोकर समजला जाण्याची वेळ आली. हेतु लेखकाच्या रक्षणाचा होता. परंतु त्या समूहाच्या मालक कंपनीनें डिसेंबर २०१९ मध्येंच त्या राज्यांतील सुमारें २०० कंत्राटी लेखकांचें काम बंद करण्याचें जाहीर करून त्यांच्या जागीं थोडींच पगारी माणसें नेमावयाचें ठरविलें. अनेक लेखकांनींच ओरड केली आणि सप्टेंबर २०२० मध्यें ती ३५ लेखांची मर्यादा काढून टाकण्यांत आली.

या कथेंत कायद्यास दोष द्यावा कीं कंपनीस, याविषयीं मतभेद होतील. आम्हांस त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या कामाची माणसास आवड असते त्याची मजुरी कमी करणें फार सोपें असतें. "तुला तर क्रिकेट आवडतें, मग पैशाचें काय?" असें जो म्हणतो, तो आपली आवड आपल्याच गळ्याला बांधतो. सुताराला लांकूड आवडतें म्हणून त्याचें मेज कोणी फुकट नेत नाहीं. शिकण्यासाठीं कांहीं काळ विनामूल्य लिहावें, यास आमचा विरोध नाहीं. परंतु दुसरा ज्या लेखावर पैसा मिळवीत आहे तो लेख फुकट देणें हें औदार्य नव्हे. त्यानें आपलें आणि आपल्यामागून येणाऱ्या दहा जणांचें नुकसान होतें.

मात्र वेतन किती, याहूनही मोठा प्रश्न वेतन कोणाकडून, हा आहे. आणि आमच्या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे. आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. क्रीडालेखकाच्या ताटांत पोळी वाढणारे आज अनेक आहेत, आणि प्रत्येकास टाळी हवी असते.

पहिला वाढपी म्हणजे वाचकांची शिरगणती करणारा मालक. किती जणांनीं लेख उघडला यावर जेथें मोबदला ठरतो, तेथें शांतपणें लिहिलेल्या खऱ्या मथळ्यापेक्षां भांडण लावणारा खोटा मथळा महाग विकला जातो. दोन खेळाडूंनीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं एवढ्या भांडवलावर वैराची कथा रचली जाते. दुसरा वाढपी जुगाराचा व्यापारी. "आजच्या सामन्यांत कोणते अकरा निवडावे" असें सांगून लोकांस पैसे लावावयास लावणारीं पानें आपल्या देशांत वर्षानुवर्षें लिहिलीं गेलीं आणि पुष्कळ तरुण लेखकांची चूल त्यांवर पेटली. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला, तेव्हां त्या चुली एकाएकीं विझण्याची वेळ आली. अशा अन्नाचा भरंवसा धरूं नये हें तेथें उघड झालें. आणि कायदा नसता तरीही, आपल्या वाचकाचा खिसा रिकामा करणाऱ्या लेखणीस आम्ही क्रीडालेखन म्हणावयास तयार नाहीं. तिसरा वाढपी स्वतः खेळाडू व त्याचा संघ. तो पैसे देत नाहीं. तो भेट देतो, आंतली बातमी देतो, खांद्यावर हात ठेवतो. त्या हाताचें ओझें लेखणीवर पडतें, आणि खेळाडू वाईट खेळला तें लिहितांना बोट अडखळतें. चौथा मोह लेखकाच्या स्वतःच्या प्रतिभेचा. थोर कार्डसही यांतून सुटला नाहीं. खेळाडूंच्या तोंडीं त्यांनीं न बोललेलीं चटकदार वाक्यें घातल्याचा ठपका त्याच्यावर आहे, आणि उतारवयांत त्यानें तो फारसा नाकारलाही नाहीं. लेख सुंदर झाले. परंतु त्यांतील कोणतें वाक्य खरें मानावें हा संशय कायमचा मागें राहिला.

टाळी वाजवावयाचें नाकारलें तर काय होतें याचेंही उदाहरण आहे. अमेरिकेंत डेडस्पिन नांवाचें क्रीडाविषयक संकेतस्थळ २००५ पासून नांवाजलेलें होतें. ऑक्टोबर २०१९ मध्यें त्याच्या नव्या मालकांनीं हुकूम काढला कीं, केवळ खेळाविषयींच लिहावें, इतर विषयांस हात लावूं नये. संपादकवर्गानें तो मानला नाहीं. एका वरिष्ठ संपादकास काढून टाकण्यांत आलें आणि थोड्याच दिवसांत उरलेल्या साऱ्या लेखकमंडळींनीं राजीनामे दिले. घरभाडें सर्वांस होतेंच. पुढें त्यांच्यांतील बहुतेकांनीं एकत्र येऊन सप्टेंबर २०२० मध्यें डिफेक्टर हें स्वतःच्या मालकीचें प्रकाशन काढलें आणि वाचकांच्या वर्गणीवर तें चालविलें. तें टिकलें. त्यांचें प्रत्येक मत आम्हांस पटतें असें नाहीं. परंतु पोळी कोणाची खावयाची हें त्यांनीं स्वतः ठरविलें. ज्याला बातमी खरी हवी आहे तो वाचकच त्यांचा धनी झाला, आणि एकाच वाढप्याची टाळी निःसंकोच वाजवितां येते, तो हा.

कोणी म्हणेल, हें सर्व दूरदेशींचें, मोठ्या लोकांचें आहे. आमच्या मुलांशीं याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो याच अंकांत आहे.

मागच्या हंगामांत आमच्या शाळेचा संघ आंतरशालेय सामन्यांत तीन धांवांनीं हरला. त्या सामन्याचा वृत्तांत या वार्षिकासाठीं लिहिण्याचें काम आम्हीं वर उल्लेखिलेल्या मुलाकडेच सोंपविलें होतें. त्यानें पानभर लिहून आणलें. मैदान ओलें होतें, पंचांचा एक निर्णय प्रतिकूल गेला, नशिबानें साथ दिली नाहीं, असें सारें त्यांत होतें. आम्ही त्या दिवशीं मैदानावर हजर होतों. प्रतिपक्षाचा जो फलंदाज पुढें पन्नास धांवा करून गेला, त्याचा सोपा झेल आमच्या एका मुलानें आठव्या धांवेवर सोडला होता. वृत्तांतांत त्याचा उल्लेख नव्हता. आम्हीं विचारलें. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तो माझा मित्र आहे. आणि हें मासिक त्याच्या घरीं जातें. त्याची आई वाचील."

हें ऐकून आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं. रागें भरण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. या वार्षिकाचे मागचे अंक चाळून पाहिले तर आमच्या शाळेच्या विजयांचीं वर्णनें सविस्तर आढळतात आणि पराभवांस एक ओळ मिळते. तीं वर्णनें आम्हींच तपासून छापलीं आहेत. म्हणजे टाळी वाजविण्याचा धडा मुलांनीं आमच्यापाशींच गिरविला होता. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "तुझा मित्र हा वृत्तांत वाचील तेव्हां त्याला काय वाटेल? आपण झेल सोडला हें त्याला ठाऊक आहे." तो कागद घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशीं त्यानें दुसरा वृत्तांत आणला. त्यांत सुटलेल्या झेलाचें एक सरळ वाक्य होतें. त्याला विशेषण नव्हतें, निमित्तही नव्हतें. पुढें असें होतें कीं, त्याच मुलानें नंतर सीमारेषेवर चार धांवा अडविल्या आणि फलंदाजींत शेवटपर्यंत टिकून तीन धांवांपर्यंत संघास आणलें. हेंही खरेंच होतें. पहिल्या वृत्तांतांत झेल लपवितांना हेंही लपलें होतें, कारण एक गोष्ट दडविली कीं तिच्या आसपासच्या चार गोष्टी सांगतां येत नाहींत. छापण्यापूर्वीं त्यानें तो मित्रास दाखविला. मित्र कांहीं दिवस त्याच्याशीं बोलला नाहीं. पुढें एका संध्याकाळीं दोघे मैदानाच्या कडेला दिसले. एक उंच चेंडू फेंकीत होता आणि दुसरा झेल घेत होता. तो वृत्तांत या अंकांत जसाच्या तसा छापला आहे. वाचकांनीं तो अवश्य पाहावा.

आमच्या मतें त्या तीन दिवसांत त्या मुलानें या व्यवसायाचा सर्वांत कठीण धडा गिरविला. बाकीचें सर्व शिकवितां येतें. ज्यांस या वाटेनें जावयाचें असेल त्यांस आमचें सांगणें असें. प्रथम शिक्षण पुरें करा आणि पहिलीं कांहीं वर्षें दुसरें उपजीविकेचें साधन हातीं ठेवा; संझगिरींनीं तें ठेवलें होतें आणि त्यानें त्यांची लेखणी हलकी झाली नाहीं. धांवपुस्तक नीट लिहावयास शिका. एक आंकडा दोन ठिकाणीं पडताळल्यावांचून लिहूं नका, आणि चुकलां तर चूक उघड सुधारा. मराठी शुद्ध लिहा व इंग्रजी चांगलें वाचा. मोबदल्याचें बोलणें कामापूर्वीं आणि कागदावर करा.

आणखी एक. जेथें हजार लेखण्या चालतात तेथें धांवूं नका. आपल्या गांवच्या कबड्डीच्या मैदानावर, खो-खोच्या खांबापाशीं, मुलींच्या सामन्यांना जा. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व स्त्री अशा दोन्ही संघांनीं तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्रांतले. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या स्त्रियांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशीं सर्वांनींच लिहिलें. परंतु कोणी पाहत नव्हतें तेव्हांपासून जे त्या मैदानांवर वही घेऊन बसले होते, त्यांच्यापाशींच सांगण्यासारखें कांहीं होतें.

पालकांस विनंति एवढीच कीं, मुलाच्या आवडीस हंसूं नका आणि तिची भलावणही आंधळेपणानें करूं नका. तो काय लिहितो तें वाचा. "कितीजणांनीं वाचलें?" असें विचारण्याआधीं "हें खरें आहे ना?" असें विचारा. घरांत जो प्रश्न प्रथम विचारला जातो, तोच मुलाच्या मनांत पुढें धनी होऊन बसतो.

त्या वडिलांस आम्हीं पुन्हां बोलावलें. वर लिहिलें तें सारें सांगितलें. पहिल्या वर्षीं घरून पैसे द्यावे लागण्याचा संभव आहे हेंही लपविलें नाहीं. मग त्यांच्या हातीं दोन्ही वृत्तांत दिले, पहिला आणि दुसरा. ते खिडकीपाशीं उभे राहून सावकाश वाचीत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "सर, त्यानें लिहिलेलें मी आजवर कधीं वाचलेंच नव्हतें." मुलास काय करूं द्यावयाचें याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं. दुसरा कागद मात्र त्यांनीं घडी घालून खिशांत ठेवला आणि घरीं नेला.